पीटर पार्करचं लग्न पुसलं, म्हणून तो तरुण झाला का?

गिरगाव_वाचक (धागा)

स्पायडरमॅनचं लग्न २००७ साली पुसलं गेलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांनी 'वन मोअर डे' ही कॉमिक्समधली कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये पीटरने जगासमोर मुखवटा काढला. त्याची किंमत मे काकूने मोजली. गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिनने पाठवलेल्या माणसाची गोळी तिला लागली. ती वाचत नाही असं दिसल्यावर मेफिस्टो, म्हणजे मार्व्हल या प्रकाशन कंपनीच्या कथांतला सैतानच, सौदा घेऊन आला. काकू जगेल, पण पीटर आणि मेरी जेनचं लग्न कधी झालंच नव्हतं असं होईल. दोघं कबूल झाले. १९८७ साली झालेलं लग्न आणि पुढचा वीस वर्षांचा संसार एका रात्रीत नाहीसा झाला.

तेव्हाचे मुख्य संपादक जो केसाडा यांचं म्हणणं होतं की लग्नामुळे पीटर म्हातारा वाटतो. घटस्फोट दाखवला किंवा बायको मेली असं दाखवलं तर तो आणखी म्हातारा वाटेल, म्हणून जादूचा मार्ग. लेखक स्ट्रॅझिन्स्की यांनी तर शेवटच्या अंकांवर आपलं नाव नको, असं जाहीर सांगितलं होतं.

माझा मुद्दा असा की वय वाढणं हेच या पात्राचं वेगळेपण होतं. १९६२ मध्ये तो पंधरा वर्षांचा पोरगा होता. त्याचे निर्माते स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६५ मध्येच त्याची शाळा संपवली आणि त्याला कॉलेजात धाडलं. १९७३ मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन मेली, १९७८ मध्ये पदवी, १९८७ मध्ये लग्न. वाचक त्याच्याबरोबर मोठा होत होता. आणि ज्याची सगळी कथाच एका चोराला जाऊ दिलं आणि त्याच चोराने बेन काकांचा जीव घेतला यावर उभी आहे, जिथे झालेलं परत फिरत नाही हाच पाया आहे, त्याच माणसाला तुम्ही झालेलं फिरवून देता?

मे काकूचंच बघा. १९९५ मध्ये 'अमेझिंग स्पायडरमॅन' या मुख्य मालिकेच्या चारशेव्या अंकात ती गेली. त्याआधी तिने पीटरला सांगितलं की तूच स्पायडरमॅन आहेस हे मला केव्हापासून माहीत आहे. जे. एम. डीमॅटिस यांनी लिहिलेला तो निरोप आजही वाचवत नाही. मग १९९८ मध्ये सांगितलं, ती काकू नव्हतीच, खलनायक ऑसबॉर्नने उभी केलेली नटी होती. ठीक. २००१-०२ मध्ये स्ट्रॅझिन्स्कींनी पुन्हा तिला सत्य कळवलं. ती त्याला फाटक्या पोशाखात, मार खाऊन झोपलेला बघते, आणि मग एक अख्खा अंक दोघं नुसते बोलतात. काका गेले त्याचा दोष प्रत्येकाने इतकी वर्षं स्वतःवर कसा घेतला, ते एकमेकांना सांगतात. एकही गुद्दा नाही त्या अंकात. २००७ ने ते बोलणंही पुसलं. लग्न सोडा, हे कशासाठी पुसलं?

मुलुंड_फास्ट

असहमत, आणि मनापासून असहमत.

साधा हिशेब करा. १९६२ मध्ये पंधरा म्हणजे आज ऐंशीच्या घरात. तुम्हाला तसा पीटर नको आहे. तुम्हाला हवाय तो तुमच्या वयाचा पीटर, तुम्ही वाचायला लागलात त्या वर्षापासून मोजलेला. तुमच्यानंतर आलेल्याला त्याच्या वयाचा हवा असतो. प्रत्येकाला खूश करायचं तर काळ सरकत ठेवणं एवढाच उपाय आहे, आणि मार्व्हल सगळ्यांच्याच बाबतीत तो वापरतं. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला, नंतर तेच अफगाणिस्तान झालं. 'फँटॅस्टिक फोर'मधला मुलगा फ्रँकलिन रिचर्ड्स १९६८ मध्ये जन्मला आणि अजून पोरच आहे. त्यावर कोणी धागा काढत नाही.

खऱ्या काळाने वय वाढवून बघायचं असेल तर २०१९ ची 'लाइफ स्टोरी' आहे. सहा अंक, एकेका अंकात एकेक दशक. सुंदर आहे. पण ती संपते. दर महिन्याला निघणाऱ्या मालिकेला संपायची मुभा नसते.

दुसरं. लग्न पुसल्यामुळेच काही उत्तम कथा शक्य झाल्या. २०१३ चा 'सुपीरियर स्पायडरमॅन' घ्या. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस पीटरच्या शरीरात शिरतो आणि वर्षभराहून जास्त काळ पीटर म्हणून वावरतो. घरात बायको असती तर पहिल्या संध्याकाळी पकडला गेला असता. लेखक डॅन स्लॉटचं ते काम मला गेल्या वीस वर्षांतलं सर्वात धाडसी वाटतं.

माझा पुतण्या बारा वर्षांचा आहे. त्याला स्पायडरमॅन हवा तो भाडं थकलेला, नोकरी गेलेला, धडपडणारा. त्याला संसार वाचायचा नाही.

लालबागची_एमजे

तुम्ही दोघं पीटरच्या वयावर भांडताय. मला बोलायचंय ते मेरी जेनबद्दल.

सौदा दोघांनी केला असं वर लिहिलंय, पण तो अंक पुन्हा वाचा. आधी तयार होते ती. पीटरला तयार करते ती. मेफिस्टोच्या कानात काहीतरी सांगते तीही तीच, आणि ते काय हे वाचकांना २०१० पर्यंत कळलं नाही. म्हणजे सगळ्यात मोठा त्याग तिचा, आणि तिलाच त्याची आठवण नाही. १९६६ पासून जिला हळूहळू घडवलं, पार्टीतल्या पोरीच्या हसण्यामागे मोडलेलं घर आहे हे ज्यांनी दाखवलं, त्यांच्या कामाचं हे चीज. १९९६ मध्ये तिचं बाळ गेलं. त्या बाळाचं नाव मे होतं. २००७ नंतर ते दुःखही कुणाचं उरलं नाही. पुढे २०२२ च्या मालिकेत तिला दुसऱ्या मितीत पॉल नावाच्या माणसाबरोबर संसार दिला, दोन मुलं दिली, आणि नंतर कळलं की ती मुलंही जादूची, खरी नव्हेतच. एका बाईकडून तुम्ही किती वेळा घर काढून घेणार?

आणि लग्न झालं की माणूस म्हातारा वाटतो, हे मला मुंबईत बसून पटतच नाही. २००५ च्या सुमारास मे काकूचं घर जळल्यावर पीटर, मेरी जेन आणि काकू तिघं अ‍ॅव्हेंजर्स टॉवरमध्ये एकत्र राहायला गेले. माझ्या मैत्रिणींना तो काळ सर्वात जास्त आवडतो, कारण ते घर ओळखीचं होतं. काकू स्वयंपाकघरात, सून कामावरून येतेय, मुलगा रात्री उशिरा खिडकीतून येतोय आणि काकूला सगळं माहीत आहे. आमच्या इमारतीत पंचविशीतली कितीतरी जोडपी अशी राहतात. सासू, काकू, एक बेडरूम, हप्ते. त्यांना कोणी म्हातारं म्हणत नाही. एकटा राहतो तोच तरुण, ही समजूत त्या संपादकांच्या गावची आहे, तिथेच राहू दे.

फोर्टचा_जुना_वाचक

मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस. १९६४ पासून इथूनच, मुंबईतून निघायची, मराठीतही यायची. फाउंटनच्या फुटपाथवर जुने अंक मिळत. त्यामुळे माझं उत्तर वेताळाकडून, म्हणजे फँटमकडून येतं.

वेताळाचे जनक ली फॉक यांनी १९३६ मध्येच हा प्रश्न सोडवून ठेवला होता. वेताळ मरतो. आपण वाचतो तो एकविसावा. बाहेरच्यांना वाटतं हा अमर आहे, वाचकाला माहीत असतं की कवटीच्या गुहेत आधीच्या वीस जणांच्या कबरी आहेत. म्हणून १९७७ मध्ये डायनाशी लग्न झालं तेव्हा मालिका म्हातारी झाली नाही, उलट सगळ्यांना हायसं वाटलं. १९७९ मध्ये किट आणि हेलोइझ ही जुळी झाली. बाविसावा कोण होणार हे कळलं. लग्न आणि मूल याशिवाय ती गोष्ट पुढे जाऊच शकत नाही.

धागाकर्त्याशी मी इतपत सहमत आहे की वय लपवून नायक टिकत नाही. पण पीटरला उगाच चाळिशीत ओढत बसू नका. त्याला निवृत्त करा, मानाने.

मुलुंड_फास्ट

काका, वेताळाचा आदर आहेच. पण तिथेही काळ सरकताच आहे. १९७९ ची जुळी आज चाळिशी पार केलेली असायला हवीत. एकविसाव्यानंतर बाविसावा मुख्य मालिकेत आलाय का? नाही. तोंडाने परंपरा म्हणायचं आणि माणूस मात्र तोच ठेवायचा. मार्व्हल निदान खुलेआम करतं.

शिवाय वेताळाच्या मुखवट्यामागचा माणूस बदलला तरी चालतं, कारण तो चेहरा कोणी बघतच नाही. स्पायडरमॅनमध्ये मुखवट्याआतला पीटर हीच गोष्ट आहे.

गिरगाव_वाचक

मुलुंड, तरुण स्पायडरमॅन हवा तर २०११ पासून माइल्स मोरालेस आहे. शाळेत जातो, आईबाप आहेत, चुका करतो. तुमच्या पुतण्यासाठीचं दार उघडंच आहे. आपल्या शहरातलाही एक आहे, २००४ चा पवित्र प्रभाकर, खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला, माया काकू आणि भीम काकांबरोबर राहणारा. मग त्याच दारात पीटरलाच पंधरा-वीस वर्षं उभं करून ठेवण्याची काय गरज?

आणि लोकांना संसारी पीटर नको असतो, हे २०२४ ने खोटं ठरवलं. जॉनथन हिकमनच्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये पीटर लग्न झालेला, रिचर्ड आणि मे या दोन मुलांचा बाप आहे. पहिल्याच अंकाच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. वर्तमानपत्रातली कॉमिक स्ट्रिपही विसरू नका. स्टॅन ली यांच्या नावाने निघणाऱ्या त्या स्ट्रिपमध्ये २००९ च्या सुरुवातीला लग्न पुसून बघितलं, वाचक भडकले, आणि त्याच वर्षी ते स्वप्न होतं म्हणून लग्न परत आणलं. पुढे मालिका बंद होईपर्यंत दोघं नवराबायकोच होते.

'सुपीरियर' मलाही आवडतं. पण काकू आणि मेरी जेन दोघींना आपला माणूस ओळखू येत नाही, हे वाचताना मला तेव्हाही त्रास झाला होता.

मुलुंड_फास्ट

हिकमनचा दाखला उलटा पडतो. त्या पीटरला शक्तीच मोठेपणी मिळते. त्याच्या मागे साठ वर्षांचे अंक नाहीत. तुमचा वाढलेला पीटर तो नाही, कोऱ्या पाटीवरचा नवा पीटर आहे. म्हणजे लोकांना नवी सुरुवात आवडली. मी तेच म्हणतोय.

आणि पोर दिलं की पुढे काय होतं ते सुपरमॅनकडे बघा. १९९६ मध्ये लुइसशी लग्न, २०११ मध्ये ते पुसलं, २०१६ मध्ये लग्न आणि लहानगा जॉन दोन्ही परत. तो बापलेकांचा काळ सगळ्यांना आवडत होता. २०१९ मध्ये जॉनला अंतराळात पाठवून एका झटक्यात सतरा वर्षांचा करून आणला. वाचक अजून चिडलेले आहेत. महिन्याच्या मालिकेत मूल नीट वाढवणं कोणालाच जमलेलं नाही. जे जमत नाही ते पीटरच्या गळ्यात का मारायचं?

लालबागची_एमजे

जमलेलं आहे. डिक ग्रेसन. १९४० मध्ये बॅटमॅनचा साथीदार रॉबिन म्हणून आलेला पोरगा १९८४ मध्ये नाइटविंग झाला, स्वतःच्या नावाने उभा राहिला, आणि कोणी त्याला परत चड्डीत घातलं नाही. मेडे पार्करचंही बघा. १९९८ मध्ये एका 'असं झालं असतं तर' अंकात आली, पीटर आणि मेरी जेनची वाढलेली मुलगी. टॉम डीफॅल्को यांनी तिची 'स्पायडर-गर्ल' मालिका वर्षानुवर्षं चालवली. दोनदा-तीनदा बंद करायला निघाले, वाचकांनी पत्रं लिहून वाचवली. त्यात बाप लंगडत चालतो, पोटाला थोडा सुटलाय, पोलिसांच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. तो पीटर मला सर्वात खरा वाटतो.

पुतण्याला 'सुपीरियर' दे, जरूर. पण त्याआधी २००१-०२ चा तो काकूशी बोलण्याचा अंक दे. बारा वर्षांच्या मुलालाही कळेल असा आहे.

मुलुंड_फास्ट

देतो. स्पायडर-गर्लही देतो. पण ती मालिका वेगळ्या विश्वात होती म्हणूनच इतकी टिकली, हे माझं मत बदललेलं नाही. मुख्य मालिकेत लग्न परत आलं, तर पाच-सात वर्षांनी नवा संपादक ते पुन्हा मोडेल, आणि तेव्हा मेरी जेनचं आणखी वाईट करतील. तुम्ही दोघं जे मागताय त्याला माझा विरोध आहे तो यासाठी.

गिरगाव_वाचक

मोडतील म्हणून मागायचंच नाही, हे मला मान्य नाही. स्ट्रिपच्या वाचकांनी २००९ मध्ये मागितलं आणि मिळवलं.