मदत हवी आहे : लॉनमध्ये तीन पानांचं तण पसरतंय

पर्वरीकर : घरासमोर ५० चौरस मीटर मेक्सिकन लॉन आहे, खाली चिऱ्याची लाल माती. जमिनीला चिकटून पसरणारं, बारीक तीन-तीन पानांचं तण पावसात सुरू झालं ते चवथ झाली तरी हटत नाही. मशीन अगदी खाली लावून कापतो, तर गवतच पिवळं पडतं. ही आंबुटी का? ग्लायफोसेट तणनाशक मारू?

खुरपं : ग्लायफोसेट नको, लॉनही जाईल. आधी ओळख पटवा. आंबुटीचं पान बदामी आकाराचं, चवीला आंबट, फूल पिवळं, उभी शेंग पिकली की हात लागताच फुटून बी उडवते. रानमेथीचं (डेस्मोडियम ट्रायफ्लोरम) पान आंबट नसतं, टोकाला किंचित खाच. फूल इवलंसं, जांभळट. शेंग चपटी, ३ ते ५ पेरांची.

पर्वरीकर : फूल जांभळट आहे. शेंगा मोज्यांना चिकटतात.

खुरपं : मग रानमेथीच. ही शेंगवर्गीय, हवेतला नत्र स्वतः मिळवते. पावसाने मातीतला नत्र धुऊन गेला की गवत उपाशी राहतं आणि हिचं फावतं. त्यात तुम्ही गवत खरडून काढताय. ही पात्याच्या खालीच राहते. कापणी ४ सेंटिमीटरवर आणा. पाऊस ओसरला की चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, म्हणजे तुम्हाला अर्धा किलो. पानं कोरडी असताना फेकून लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर पाती करपतात. मातीची आम्लता घटवायला चुना मात्र माती तपासल्याशिवाय नको.

ठिगळं थोडी असतील तर माती ओली असताना खुरप्याने मधलं सोटमूळ काढा. नुसत्या वेली ओढल्या तर त्या पेरापेराला तुटतात आणि जिथे मूळ धरलंय तिथून परत फुटतात. उपटलेलं खतखड्ड्यात टाकू नका, मशीनही धुवा. बी तिथूनच फिरतं.

माळी_फोंडा : फारच पसरलं असेल तर २,४-डी अमाइन सॉल्ट ५८ टक्के (रुंद पानांचं तण मारणारं औषध), लिटरला २ मिली. ५० चौरस मीटरला अडीच लिटर पाणी, म्हणजे औषध ५ मिली. जास्त घातलं तर गवतालाही झळ लागते. त्याचाच इथिल एस्टर प्रकार घेऊ नका, उन्हात त्याची वाफ शेजारच्या मिरची-पपईपर्यंत जाते. सकाळी, वारा नसताना, हातमोजे घालून मारा. त्यानंतर सहा तास तरी पाऊस नको. आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत कापणी नको. आधी कोपऱ्यात चौरस मीटरभर मारून आठ दिवस वाट बघा. उरलंसुरलं तीन-चार आठवड्यांनी, फक्त ठिगळांवर.

आणि उतार बावीकडे (विहिरीकडे) असेल तर फवारणीचा विचारच सोडा, खुरपंच बरं.

पर्वरीकर : बाव मागच्या बाजूला, चढावर आहे. पण कडेला बफेलो गवताची पट्टी आहे, तिच्यावर चालेल?

माळी_फोंडा : नाही. बफेलोला २,४-डी सोसत नाही, पाती वाकडी होऊन पिवळी पडतात. तिथे हातानेच. पंपही वेगळा ठेवा. धुतलेल्या पंपातला अंशसुद्धा टोमॅटोची पानं मुरडतो.