सुएझच्या पूर्वेकडचा गाशा: परदेशातले तळ कसे उठतात, कुठे फसतं

ब्रिटनने सुएझ कालव्याच्या पूर्वेकडच्या लष्करी तळांवरून निघायचं ठरवलं, ते पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी १६ जानेवारी १९६८ ला संसदेत जाहीर केलं. मुदत १९७१ अखेर. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चेच्या या धाग्यावर त्याच्या खालचं हवंय: गोदी, इंधन, पगार, जमिनीचे कागद. प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. आठवणींचे कढ नकोत. काय होतं, काय बिघडलं आणि का, एवढंच लिहा.

गोदीकर
सुरुवात सिंगापूरच्या सेंबावांगपासून. तिथली किंग जॉर्ज सहावा सुकी गोदी (पाणी उपसून जहाज कोरड्यात दुरुस्त करायची जागा) १४ फेब्रुवारी १९३८ ला उघडली. लांबी सुमारे १,००० फूट, म्हणजे सगळ्यात मोठी युद्धनौकाही आत मावेल. पोलादी जहाज उष्ण पाण्यात राहिलं की बुडाला शेवाळ-शिंपले धरतात, वेग पडतो, तेल जास्त लागतं. बूड खरवडायला पुरेशी गोदी जवळ नसेल तर आरमार तिथे पाहुण्यासारखं येणार आणि जाणार.

खोट होती ती योजनेत. तळ सिंगापुरात, आरमार युरोपात. संकट आलं की जहाजं निघणार आणि ती पोचेपर्यंत तळाने तग धरायचा. ही मुदत आधी ७० दिवस होती, १९३९ मध्ये ९० झाली आणि युद्ध पेटल्यावर १८०. तेवढे दिवस टिकण्याची शिबंदी, विमानं, धान्य मात्र त्या प्रमाणात वाढलं नाही. शेवटी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' अशा दोनच मोठ्या नौका आल्या. विमानांचं छत्र नसल्याने १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी दोन्ही बुडवल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं, गोदी उघडल्याला चार वर्षं आणि एक दिवस झाला होता.

सिंगापूर का पडलं, तर 'तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या' असं सांगतात; ही अर्धवट गोष्ट आहे. सिंगापूरमधल्या चांगीच्या १५ इंची तोफा जमिनीकडेही वळवून डागल्या होत्या. पण गोळे जहाजाचं चिलखत फोडणारे. पायदळावर टाकले तर मातीत खोल रुततात, स्फोट खालीच विरतो.

हिशेबनीस
१९६८ चा निर्णय समजायला पैशाकडे बघा. १८ नोव्हेंबर १९६७ ला पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला. परदेशी तळावरचे पगार, भाडं, स्थानिक खरेदी हा सगळा पैसा देशाबाहेर जातो. तीच पलटण इंग्लंडमध्ये ठेवली तर तो घरातल्या घरात फिरतो. त्यामुळे आधी कात्री लागते ती तळांना.

फेब्रुवारी १९६६ मध्ये सीव्हीए-०१ ही नियोजित विमानवाहू नौका रद्द केली, कारण बेटांवरून उडणारी ५० अमेरिकन एफ-१११ विमानं तिचं काम करतील म्हणे. जानेवारी १९६८ मध्ये ती विमानंही रद्द. तेलही गेलं, तूपही गेलं.

गोदीकर
सिंगापूरचा पुढचा भाग राहिला. तळांवर तिथल्या अर्थव्यवस्थेचा जवळपास पाचवा हिस्सा उभा होता. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू लंडनला धावले आणि आधी ठरलेली मार्च १९७१ ची तारीख डिसेंबरपर्यंत ढकलून आणली. नऊ महिने किरकोळ वाटतील, पण कामगारांना नवं काम शिकवायला तेवढेच मिळाले. गोदी डिसेंबर १९६८ मध्येच एका डॉलरच्या नाममात्र किमतीला सिंगापूर सरकारकडे गेली आणि सेंबावांग शिपयार्ड म्हणून व्यापारी जहाजं दुरुस्त करू लागली. यंत्रं, क्रेन, कुशल हात जागेवर राहिले. चालू गोदी देणं आणि कुलूप लावून किल्ली देणं यात हाच फरक पडतो.

मुंबई इलाखा
अरबस्तानच्या दक्षिण टोकावरच्या एडन बंदराचं उलट झालं. १८३९ मध्ये ते घेतलं मुंबईहून गेलेल्या फौजेने आणि १९३२ पर्यंत कारभार मुंबई इलाख्यातूनच चाले. १९३७ मध्ये ती थेट लंडनच्या ताब्यातली वसाहत झाली, तरी बाजारात रुपया १९५१ पर्यंत चालला.

फसलं ते तारखेमुळे. १९६६ च्या श्वेतपत्रिकेत सांगून टाकलं की १९६८ पर्यंत निघू आणि नंतर संरक्षणाचा करारही करणार नाही. ज्या स्थानिक अमीर-सुलतानांच्या भरवशावर दक्षिण अरबस्तानचं संघराज्य उभं केलं, त्यांच्यामागे उद्या कुणी नाही हे प्रत्येक शिपायाला कळलं. जून १९६७ मध्ये स्थानिक फौज-पोलिसांनीच बंड केलं, एडनमधली क्रेटर वस्ती काही दिवस हातची गेली. त्याच महिन्यात सुएझ कालवा बंद पडला, म्हणजे जहाजांना तेल भरून देण्याचा बंदराचा धंदाच बसला. नोव्हेंबर १९६७ अखेर, ठरल्याच्या आधीच, ब्रिटिश निघाले. सूत्रं हाती द्यायला धड सरकारही उरलं नव्हतं.

खरेदीखत
कागद बघा. इजिप्तशी १९५४ च्या करारात सुएझ कालव्याच्या तळावरून सैन्य २० महिन्यांत निघणार आणि तिथली भांडारं सात वर्षं मुलकी कंत्राटदार सांभाळणार असं ठरलं. सैन्य जून १९५६ मध्ये निघालं, त्याच वर्षी ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला आणि करार बुडाला. भांडारं इजिप्तच्या घशात गेली. माल्टात भाडेपट्टा होता: १९७२ पासून वर्षाला १.४ कोटी पौंड, त्यातला मोठा वाटा नाटोतल्या मित्रांचा. मुदत संपली, ३१ मार्च १९७९ ला बाहेर.

सायप्रसमध्ये मात्र १९६० साली अक्रोतिरी आणि ढेकेलिया हे दोन तळ भाड्याने न घेता मालकीनेच ठेवले, सुमारे २५४ चौ. किमी. ते अजून आहेत. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या तळासाठी १९६५ मध्ये चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, रहिवासी १९७३ पर्यंत हाकलले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते तोडणं बेकायदा असल्याचं मत दिलं. मे २०२५ च्या करारात बेटं मॉरिशसची मानून तळ ९९ वर्षांच्या भाड्यावर, वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड. १९६५ मध्ये मॉरिशसला एकरकमी दिले होते ३० लाख पौंड.

धावपट्टी
गान सांगायचं राहिलं. मालदीवच्या दक्षिण टोकाचं हे बेट एडन आणि सिंगापूरच्या जवळजवळ मधोमध, दोन्हीकडे साधारण ३,४०० किमी. सिलोनने (आताचा श्रीलंका) तिथले ब्रिटिश तळ परत मागितले, म्हणून इथे धावपट्टी बांधली. टोकाचे दोन्ही तळ गेले की मधल्या थांब्याला काम उरत नाही. १९७६ मध्ये ब्रिटिश गेले. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाने वर्षाला १० लाख डॉलर भाडं देऊ केलं, मालदीवने नको म्हटलं. धावपट्टीवर आता पर्यटकांची विमानं उतरतात.