पुणे केंद्र ऐकत वाढलेल्यांनो, आठवणी लिहा

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक तिथे वर्षानुवर्षं नोकरीला होता. हे सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं आहे. घरोघरी ते केंद्र कसं ऐकलं गेलं, ते मात्र ऐकणाऱ्यांपाशीच आहे आणि ती माणसं आता थकली आहेत. म्हणून हा धागा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

•

१९५५ साली मी आठ वर्षांची होते. आमच्याकडे रेडिओ नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता. १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी गीतरामायण सुरू झालं. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत, तेच शनिवारी आणि रविवारी परत. काकू बऱ्याच आधी सेट लावून ठेवायच्या, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा ना. आधी घरघर, मग तो हिरवा डोळा हळूहळू उजळायचा. सेटला हार, पुढे उदबत्ती.

आई वही घेऊन बसायची. शुक्रवारी जमेल तेवढं पेन्सिलीने उतरवायचं, शनिवारी गाळलेल्या जागा भरायच्या, रविवारी शाईने गिरवायचं. अशी ५६ गीतं. वही माझ्याकडे आहे, एका पानाला उदबत्तीच्या ठिणगीचं भोक आहे. माणिक वर्मांचा आवाज लागला की आईचा हात थांबायचा. त्यामुळे सीतेची गीतं त्या वहीत अर्धवटच आहेत.

•

शेतकऱ्यांच्या श्रोता मंडळांबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने सुमारे १५० गावांत हा प्रयोग केला. आमचं गाव त्यांतलं. अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग तिथेच बसून चर्चा करायची, अडलेलं केंद्राला लिहून कळवायचं. उत्तर पुढच्या एखाद्या कार्यक्रमात यायचं. वडील मंडळाचे चिटणीस. कंपोस्टच्या खड्ड्याबद्दल त्यांनी विचारलं होतं आणि रेडिओवर गावाचं नाव घेऊन उत्तर आलं. म्हातारपणीही ते सांगताना वडील ताठ बसायचे. शहरातून खेड्याला सांगणारे पुष्कळ होते, विचारू देणारं हे पहिलंच.

•

चौथीत असताना मुलांच्या कार्यक्रमात कविता म्हटली. स्टुडिओचं दार इतकं जड की मला एकटीला ढकलवेना. आत गेल्यावर कानांत बोळे घातल्यासारखं झालं, स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ताईंनी कागदाची टाचणी काढून घेतली, पानं सुटी केली आणि सांगितलं, “वाचून झालं की पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. आवाज न करता.” लाल दिवा लागला आणि मी पहिली ओळच विसरले. ताईंनी कागदावर बोट ठेवलं. मानधनाचा चेक आला तेव्हा तो भरायला माझं बँकेत खातं काढावं लागलं.

•

आमच्या घरी घड्याळ म्हणजे सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या. बातम्या संपायच्या आत बाबांचा डबा भरून तयार हवा. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला, तेव्हा बाबा निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. तरी त्यांनी पोस्टकार्ड आणायला लावलं. विरोध झाला आणि आदेश थांबला. कार्ड पोचलं की नाही, ते अजून विचारतात.