ट्रुमनच्या तोंडचा शब्द कुणाचा?

कोरियातल्या युद्धासाठी ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांनी काढला आणि पत्रकारांनी उचलला, असं म्हटलं जातं. घडलं नेमकं उलटं. २९ जून १९५० च्या पत्रकार परिषदेत ट्रुमन एवढंच म्हणाले होते की आपण युद्धात नाही, कोरियावर दरोडेखोरांनी घातलेला छापा मोडून काढायचा आहे. मग एका बातमीदारानेच विचारलं, ‘याला संयुक्त राष्ट्रांची पोलीस कारवाई म्हणता येईल का?’ ट्रुमन म्हणाले, हो, नेमकं तेच. झालं, शब्द अध्यक्षांच्या नावावर चढला! तीन वर्षांत तीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक गेले, तेव्हा तोच शब्द विरोधक त्यांना टोमण्यासारखा ऐकवू लागले.

आणि शब्द तेव्हा नवाही नव्हता. डचांनी १९४७ मध्ये इंडोनेशियातल्या लष्करी मोहिमेला हेच नाव दिलं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत रणगाडे घुसले तेही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणूनच. आमच्या मराठवाड्यात तर ती कालगणनाच होती. आजी मामाचं वय सांगायची ते ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली झालेला’ असं.