'मस्टर इन', 'मस्टर आउट'ला मराठीत काय म्हणावे?

अडलेला_अनुवादक : अमेरिकी यादवी युद्धातल्या २०व्या मेन (मेन हे तिथलं राज्य) पायदळ रेजिमेंटची सेवानोंद मराठीत आणतोय. पहिल्याच ओळीला अडलं. २९ ऑगस्ट १८६२, पोर्टलंड, 'मस्टर इन'; १६ जुलै १८६५, 'मस्टर आउट'. 'स्थापना' आणि 'बरखास्ती' चालेल?

पटवाचक : बरखास्तीला शिक्षेचा वास येतो. स्थापनाही नव्हे. भरती राज्य करायचं, कर्नलची नेमणूक राज्याचा गव्हर्नर करायचा. पुढे केंद्राचा अधिकारी नावं पुकारून शपथ द्यायचा, तेव्हा कुठे माणूस केंद्राच्या पगारावर. 'पटावर घेतले', 'पटावरून कमी केले' लिहा.

रोहयो : मस्टर मराठीच आहे की! रोजगार हमीवर मस्टरला नाव नाही तर मजुरी नाही. त्या अमेरिकी फौजेतही दर दोन महिन्यांनी हजेरी, त्यावर पगार : साध्या शिपायाला महिना १३ डॉलर, १८६४ पासून १६.

शुद्धमती : 'हजेरीपट' असताना मस्टर कशाला?

रोहयो : हजेरी अरबी. चालू द्या.

पटवाचक : 'हजर'ही जपून, पटावर असणं म्हणजे लढणं नव्हे. अँटिएटमच्या लढाईत ही २०वी मेन राखीव होती. चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईच्या वेळी देवीची लस बाधली, म्हणून बाजूला ठेवून तारायंत्राच्या तारांवर पहाऱ्याला लावली. आणि 'विसर्जित' तर नकोच. मे १८६३ मध्ये दुसऱ्या मेन रेजिमेंटची दोन वर्षं भरली, रेजिमेंट घरी गेली. पण सुमारे १२० जणांनी तीन वर्षांच्या कागदावर सह्या केल्या होत्या. त्यांनी काम नाकारलं, तेव्हा पहाऱ्यात २०व्या मेनकडे पाठवले. २०व्या मेनचा कर्नल चेंबरलेन, त्याने त्यांना समजुतीने घेतलं. बहुतेक जण जुलैत गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप टेकडीवर लढले. म्हणजे पट मोडला तो रेजिमेंटचा, माणसांचा नाही.

तोफखाना : मुळात 'रेजिमेंट' का? आपल्याकडे मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणजे अनेक बटालियन. तिथली पायदळ रेजिमेंट बहुधा एकच बटालियन : दहा कंपन्या, ए ते के, जे वगळून, कागदावर हजारेक माणूस. आपल्या भाषेत ती सरळ पलटण.

शुद्धमती : पलटण तरी कुठे मराठी? 'प्लाटून'वरून आलाय.

तोफखाना : 'बटालियन'वरून. प्लाटून म्हणजे तीसेक माणसं, पलटण एवढी लहान कधी होती?

शुद्धमती : शब्द मोठे होतात. कोश पाहा.

अडलेला_अनुवादक : बरं, आणि 'युनियन', म्हणजे केंद्र सरकारची बाजू? 'संघाचे सैनिक' लिहिलं तर वाचक थेट नागपूरला पोचेल.

रोहयो : 'उत्तरेचे' लिहा.

पटवाचक : मग मेरीलँड, केंटकीच्या रेजिमेंटांचं काय करणार? गुलामीची राज्यं, तरी युनियनमध्येच राहिलेली.