झोप येत नसेल तर बाज सोडा, भाऊ

भाऊ, पतसंस्थेच्या कर्जवसुलीचं टार्गेट आणि रात्री दोनला उघडणारा डोळा, ही तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. वर एकानं 'चार दिवस सुट्टी घ्या' म्हटलंय, ते मला पटत नाही. सुट्टीतही डोकं वसुलीतच राहते.

यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे आम्ही वसुलीवाली पोरं शनिवारी काम आटोपलं की स्टँडमागच्या टपरीवर बसतो. कोणी बोलत असलं की उपाय सांगायचा नाही, फक्त ऐकायचं. मागच्या मार्चात एक जण म्हणाला, "ज्याचा कापूस चांगल्या भावासाठी घरातच पडून हाये, त्याच्या दारात मले उभं राहवत नाही." त्याचा चहा गार झाला, पण तो तासभर बोलला. त्याला तेच हवं होतं.

झोपेचं म्हणाल तर वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही की उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. मोबाइल, घड्याळ लांब. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळीच उठा. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. झोपेसाठी दारू तर नाहीच, तिनं पहाटेची झोप आणखी मोडते.

महिनोन्महिने असंच चाललं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं दाखवा. आणि 'जगून काय करू' असं मनात आलं तर सकाळची वाट न पाहता १४४१६ लावा. ही टेलिमानसची सरकारी सेवा २०२२पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

शनिवारी वणीला येणं जमत असेल तर कळवा, मी स्टँडवर घ्यायला येतो.