लाइपझिगच्या जंगलातली लसणाच्या वासाची भाजी, नातीनं खावी का?

नवेगावची आजी

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधजवळ. मुलगा, सून अन् नात जर्मनीत लाइपझिगला असतात. रविवारी सायकली काढतात आणि शहराला लागूनच नदीकाठचं जंगल आहे, तिथं जातात. नात मोबाइलवर मला सगळं दाखवते. सुतार पक्ष्याची ढोली, शंख पाठीवर घेऊन चाललेली भलीमोठी गोगलगाय. परक्या देशात पोरगी मातीत खेळून राहिली, याचा मला फार आनंद आहे.

या एप्रिलमध्ये तिनं एक भाजी दाखवली. झाडांखालची सारी जमीन हिरवीगार, पानं लांबट-रुंद, मधे मधे पांढरी फुलं. पान चुरगळलं की लसणाचा वास येते म्हणे. वाटून चटणी करतात, ब्रेडला लावतात. सून हुशार आहे, ॲपवर बघून ओळखते. पण व्हिडिओत ती मूठ-मूठ ओरबाडून पिशवीत टाकत होती, तिथं माझा जीव अडकला. आम्ही तरोटा खुडतो, कुड्याची फुलं आणतो, पावसाळ्यात सात्या आणतो. सासूबाईंनी शिकवलं ते हेच, की भाजी शेंडा-शेंडा बघून खुडायची. मुठीनं ओढली की सोबत काय काय येते, ते चुलीवर गेल्यावर कोणाला दिसते?

तिकडच्या रानातलं मला काही कळत नाही, पण गप्पही बसवत नाही. या भाजीसारखं दिसणारं विषारी काही असते का जी? नातीच्या पायाला गोचीडही लागली होती, तिचं काय करायचं?

श्टुटगार्टकर

आजी, तुमची शंका अगदी रास्त आहे. ही भाजी म्हणजे बेअरलाउख, लाइपझिगचं ते जंगल तिच्यासाठी प्रसिद्धच आहे. तिच्यासारखी दिसणारी दोन विषारी झाडं इथं आहेत. मायग्लॉक्शनची पानं बहुधा दोन-दोन, एकाच दांड्यावर येतात. हेर्ब्स्टत्साइटलोजेच्या पानांना देठच नसतो, एकाच जागेतून झुपका निघतो. बेअरलाउखचं मात्र प्रत्येक पान स्वतःच्या बारीक देठावर जमिनीतून वर येतं.

नुसत्या वासावर विसंबू नका. दोन-चार पानं चुरगळली की बोटांनाच लसणाचा वास लागतो, मग पुढचं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं. संरक्षित भागात तोडायला बंदी असते, बाकी ठिकाणी घरापुरती थोडी खुडलेली चालते.

गोचीड टोकदार चिमट्यानं कातडीलगत धरून हळूच सरळ ओढायची. तेल, रॉकेल काही लावायचं नाही. त्या जागेवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर लगेच डॉक्टर, तो बोरेलिओसिस असू शकतो, त्यावर अँटिबायोटिक देतात. गोचिडीमुळे मेंदूला सूज आणणारा एफएसएमई नावाचा आजारही होतो, त्याची लस मिळते. लाइपझिग ज्या सॅक्सनी राज्यात आहे, तिथल्या बऱ्याच भागात त्याचा धोका आहे. मुलांच्या डॉक्टरांना नक्की विचारायला सांगा.

कुरखेड्याचा मास्तर

आजी, आपल्या कुंपणावर चढते ती कळलावी तुम्हाला ठाऊकच असेल, लाल-पिवळ्या फुलांची. तिच्या कंदात जे विष असते, कोल्चिसिन, तेच त्या हेर्ब्स्टत्साइटलोजेत आहे. दोन्ही एकाच कुळातल्या. खाल्ल्याबरोबर काही होत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, म्हणून माणूस गाफील राहते. शिजवून हे विष जात नाही. नुसती शंका आली तरी उलटीची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, उरलेली पानं सोबत न्यायची. सुनबाईंना हे नीट सांगा.

नवेगावची आजी

कळलावीचं नाव वाचलं अन् अंगावर काटा आला. तिचा कंद आमच्याकडे पोट्टेही हातात घेत नाहीत. काल रात्री सुनेशी बोलले. तिला राग नाही आला, उलट पिशवीतली सारी पानं टेबलावर पसरून एकेक देठ मला मोबाइलवर दाखवला. सगळी एकट्या देठाची निघाली. आता खुडायचं काम नातीकडे आहे, एका वेळी एकच पान, आईला दाखवून मग पिशवीत. लसीचंही विचारणार आहेत. तुमचे दोघांचेही आभार.

एकच राहिलं. फुलं आल्यावर ती पानं चालतात का?

श्टुटगार्टकर

चालतात, पण चव उतरते. फुलं आणि कळ्याही खातात. नंतर हिरवी बोंडं धरतात, ती मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवून लोणच्यासारखी ठेवतात. नातीला बोंडं तोडायला मजा येईल.